दरबुका : मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील क्रॉस्बी ब्राउन वाद्यसंग्रहात, जो १८८९ साली तेथे आला, इजिप्तची ‘दरबुका’ आहे. मराठी मजकुरात तिला ‘मातीचा ढोलक’ म्हणता येईल का?

उत्तर : माझ्या मते म्हणू नये. ढोलक दोन तोंडांचा असतो. दरबुकेचे एकच तोंड चामड्याने मढवतात आणि निमुळत्या गळ्याचे दुसरे टोक मोकळे ठेवतात. इंग्रज अभ्यासक एडवर्ड लेन यांनी १८३६ साली कैरोतील लोकजीवनाचे वर्णन करताना शिंपल्याच्या जडावाची लाकडी दरबुका आणि नाईलवरील नावाड्यांची मातीची दरबुका अशा दोन्ही नोंदवल्या आहेत, आणि तोंडावर माशाचे कातडे असल्याचेही लिहिले आहे. आज ॲल्युमिनियमचे खोड आणि प्लास्टिकचा पडदा सर्रास दिसतो. त्यामुळे जुन्या वस्तूबद्दल लिहिताना माती आणि कातडे यांचा उल्लेख अवश्य करावा.

आपल्याकडे रचनेने सर्वांत जवळचे वाद्य गोव्याचे घुमट. तेही मातीचेच, एक तोंड मढवलेले आणि दुसरे उघडे. तरीही घुमटाचा आकार आणि नाद वेगळा असल्याने ‘इजिप्तचे घुमट’ हे वर्णन म्हणून चालेल, नाव म्हणून नाही.

प्रश्न : पण इजिप्तचे लोक तिला ‘तब्ला’ म्हणतात ना?

उत्तर : होय, आणि खरी अडचण तिथेच आहे. आपला ‘तबला’ हा शब्दही अरबी ‘तब्ल’ या शब्दावरूनच आला आहे, परंतु मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर लगेच तबला-डग्ग्याची जोडी उभी राहते. म्हणून शीर्षकात ‘दरबुका’ लिहावे आणि स्थानिक नाव पुढच्या वाक्यात सांगावे. ‘दरबुका’ हा शब्द आघात करणे या अर्थाच्या अरबी ‘दरब’ धातूशी जोडला जातो. ही व्युत्पत्ती मान्य केली तर आपण ‘जरब बसवणे’ म्हणतो त्यातील ‘जरब’ त्याचाच आप्त ठरतो, कारण तो त्याच धातूपासून फारसीमार्गे मराठीत आला. मला हे नाते फार मोलाचे वाटते.

प्रश्न : लिंग कोणते धरावे?

उत्तर : तबला, डग्गा यांच्या वळणाने ‘दरबुक्याचा’ असे लिहिण्याचा मोह होतो, परंतु अरबीत हा शब्द स्त्रीलिंगी आहे. ‘दरबुकेचा नाद’, ‘दरबुकेवर थाप’ ही रूपे मराठीतही सहज वाचली जातात. मी तीच वापरतो.