‘जग सिम्युलेशन आहे’ हा फॉरवर्ड आणि हाऊजीची ९९ टोकनं

(फोंड्यातल्या एका सोसायटीचा ‘अवांतर’ ग्रुप)

रोहन, बी-१२: शास्त्रज्ञांनी गणिताने सिद्ध केलं!! आपण सगळे एका महाकाय कॉम्प्युटरच्या आत आहोत. आपल्या ऋषींनी हेच ‘माया’ म्हणून हजारो वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय. दहा ग्रुपवर पाठवा 🙏

सेक्रेटरी: रोहन, इथे ठीक आहे, मेन ग्रुपवर टाकू नको. आणि सगळ्यांसाठी: उद्या १० ते १२ टाकी धुणार, पाणी भरून ठेवा.

श्रद्धा, ए-७: सिद्ध काहीच झालेलं नाही रे. मूळ युक्तिवाद निक बोस्ट्रॉम या तत्त्वज्ञाचा, २००३ सालचा. तो म्हणतो, तीनपैकी एक तरी गोष्ट खरी असलीच पाहिजे. एक, आपल्या पातळीच्या जवळजवळ सगळ्या संस्कृती तसला महाकाय कॉम्प्युटर बांधायच्या आधीच संपतात. दोन, ज्या तिथवर पोचतात त्यांना पूर्वजांची सिम्युलेशनं (कॉम्प्युटरवर चालणारी हुबेहूब नक्कल) चालवण्यात काडीचा रस नसतो. तीन, आपण जवळपास नक्कीच सिम्युलेशनमध्ये आहोत. फॉरवर्ड करणाऱ्याने पहिल्या दोन कापून तिसरी तेवढी ठेवली. खुद्द बोस्ट्रॉम तिन्हींवर साधारण सारखाच भरवसा ठेवा म्हणतो.

रोहन, बी-१२: पण तिसरीच पटते ना? एकदा जमलं की लोक लाखोंनी चालवणार.

प्रभुदेसाई सर, ए-२: त्या ‘लाखोंनी’वरच सगळा डोलारा उभा आहे. सूत्र सोपं आहे. किती संस्कृती तिथवर पोचतात तो वाटा घे, त्याला पोचलेली प्रत्येक संस्कृती सरासरी किती सिम्युलेशनं चालवते त्याने गुण. आला तो आकडा ‘क’. सिम्युलेशनमधल्या माणसांचं प्रमाण = क भागिले (क + १). हजारात एक पोचली आणि तिने दहा लाख चालवली, तर क = १०००, उत्तर ९९.९ टक्के. हजारात एक पोचली आणि तिने एकच चालवलं, तर क = ०.००१, उत्तर ०.१ टक्का. दोन्ही वेळा भागाकार बरोबर. क कुठून आणलास ते सांग.

श्रद्धा, ए-७: आणि खर्चाचा हिशेबही बघा. मेंदू सेकंदाला किती गणितं करतो याचा बोस्ट्रॉमचा अंदाज १ वर १४ शून्यं ते १ वर १७ शून्यं. आजवरची माणसं तो ढोबळ १०० अब्ज धरतो, प्रत्येकी ५० वर्षं, वर्षाचे ३ कोटी सेकंद. गुणाकार केला की १५ वर ३३ शून्यं ते १५ वर ३६ शून्यं येतात. त्याच्या लेखात १५ च्या जागी नुसता १ छापलाय. त्याने युक्तिवादाला धक्का लागत नाही, पण उद्या कोणी तो आकडा इथे फेकला तर माहीत असू द्या.

आता २०२२ साली आलेला फ्रंटियर घ्या. सेकंदाला १ वर १८ शून्यं इतकी गणितं करणारा पहिला जाहीर सुपरकॉम्प्युटर. त्यावर खालच्या टोकाचं काम उरकायला सुमारे ५० कोटी वर्षं. तेसुद्धा फक्त मेंदू. समुद्र, पाऊस, दगड-माती यात धरलेलीच नाही.

रोहन, बी-१२: मग झालंच की अशक्य 😀

श्रद्धा, ए-७: नाही ना. त्याचं उत्तर असं की एका ग्रहाएवढ्या वजनाचा कॉम्प्युटर सेकंदाला १ वर ४२ शून्यं इतकी गणितं करेल, मग हे काम चुटकीसरशी. आणि बाहेरचं जग कोणी बघेल तेवढंच काढायचं, बाकीचं धूसर ठेवायचं. माझा आक्षेप तिथे आहे. कोणी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावणार हे आधी कळायला प्रत्येक डोक्यात काय चाललंय त्यावर पाळत हवी. आज कोणी बोअर मारून काढलेला दगड आणि वीस वर्षांनी शेजारी मारलेल्या बोअरचा दगड जुळायला हवा, म्हणजे न बघितलेल्याचीही नोंद ठेवणं आलं. बचत होते, पण वाटते तेवढी नाही.

शिवाय एक गृहीतक कुठल्याच गुणाकारात दिसत नाही: योग्य गणित चाललं की जाणीव येतेच, मग ते मेंदूत चालो की चिपमध्ये. हे खोटं ठरलं तर सिम्युलेशनं अब्जावधी असोत, त्यांत ‘मी’ म्हणणारं कोणी नाही. मोजायला शून्य.

सुलभाताई, सी-३: प्रयोगाने तपासायची एक वाट सुचवलेली आहे, २०१२ साली बीन, दावूदी आणि सॅव्हेज या तिघांनी. क्वार्कांची (प्रोटॉनच्याही आतल्या कणांची) गणितं आज कॉम्प्युटरवर करताना जागेची चौकोनी जाळी धरतात, कारण सलग जागा यंत्रात मावत नाही. आपलं विश्वही तशाच जाळीवर चालत असेल, तर सगळ्यात जास्त ऊर्जेचे वैश्विक किरण, १ वर २० शून्यं इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपासचे, सगळ्या दिशांनी सारखे वागणार नाहीत. जाळीच्या रेघांच्या दिशेला वेगळं आणि कर्णाच्या दिशेला वेगळं वागतील.

गोम अशी की तसं काही दिसलं नाही, तर एवढंच कळतं की चौकोनी जाळी असलीच तर तिची घरं याहून बारीक आहेत. आणि बनवणाऱ्याने चौकोनीच जाळी का घ्यावी? दिसलं तर मोठी बातमी, नाही दिसलं तर आपण होतो तिथेच.

रोहन, बी-१२: म्हणजे ‘माया’वालं तरी बरोबर ना? भटकाका, तुम्हीच सांगा.

भटकाका, ए-५: कवळ्याचा मठ इथून हाकेच्या अंतरावर. ज्या गौडपादाचार्यांच्या नावाने तो आहे, त्यांच्या मांडूक्यकारिका, म्हणजे मांडूक्य उपनिषदावरचे श्लोक, २१५. चार प्रकरणं, पैकी दुसरं ‘वैतथ्य’ म्हणजे खोटेपणा, ते बरोब्बर तुझ्या विषयावर. स्वप्नातल्या वस्तू खोट्या मानतोस, मग जागेपणीच्या खऱ्या कशावरून?

समोरचा म्हणतो, जागेपणीच्या वस्तू उपयोगी पडतात, अन्नाने भूक भागते. उत्तर असं की हा उपयोग स्वप्नात टिकत नाही. त्यावरच्या शंकराचार्यांच्या भाष्यात उदाहरण आहे: पोटभर जेवून झोपलेला माणूस स्वप्नात स्वतःला उपाशी बघतो. म्हणजे जागेपणीचं अन्न जागेपणीच चालतं, स्वप्नातलं स्वप्नात. उपयोगी पडणं ही खरेपणाची कसोटी होऊ शकत नाही.

आता गंमत बघ. हेच शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्यात (२.२.२९) विज्ञानवादी (सगळं मनातच आहे म्हणणाऱ्या) बौद्धांशी वाद घालताना नेमकं उलट बोलतात: जागेपण स्वप्नासारखं नाही. स्वप्नात पाहिलेलं जाग आल्यावर बाधित होतं, ‘छे, असं काही नव्हतं’ असं आपण म्हणतो. जागेपणी पाहिलेला खांब कुठल्याही अवस्थेत तसा बाधित होत नाही.

सुलभाताई, सी-३: मग खरं कुठलं धरायचं?

भटकाका, ए-५: परंपरा पायऱ्या लावते. स्वप्न, दोरीवरचा साप हे प्रातिभासिक. खांब, अन्न, सोसायटीचा मेंटेनन्स हे व्यावहारिक. त्यापलीकडचं पारमार्थिक. खांब व्यवहारात पक्का, परमार्थात नाही, म्हणून दोन्ही वाक्यं नांदतात. (सगळ्यांना हा तोडगा पटलेला नाही. मध्वांच्या द्वैत मताला तो मुळीच मान्य नाही, आणि त्या मताचा पर्तगाळीचा मठही गोव्यातलाच.)

आता तुझा कॉम्प्युटर यात बसव. सिम्युलेशनवाल्याला बाहेर कुठेतरी खरी चिप, खरी वीज, खरा चालवणारा लागतोच. एका व्यवहाराच्या पोटात दुसरा व्यवहार, एवढंच झालं. गौडपादाचार्य त्या चिपलाही तोच प्रश्न विचारतील. त्यांचा शेवट अजातिवादात होतो, खऱ्या अर्थाने काही जन्मलेलंच नाही. ‘ऋषींनी सिम्युलेशन सांगितलं’ म्हणणाऱ्याने दोन्हीकडचं वाचलेलं नाही.

रोहन, बी-१२: देव बरें करूं काका. खाली दुसरा फॉरवर्ड होता, तोपण टाकतो: ‘माणसाची फक्त १७,००० वर्षं उरली, ९५ टक्के खात्री.’ हाही खोटा?

प्रभुदेसाई सर, ए-२: आकडा खोटा नाही, कसा आला ते बघ. याला प्रलयाचा युक्तिवाद म्हणूया, ब्रँडन कार्टर या भौतिकशास्त्रज्ञाने १९८३ च्या सुमारास मांडलेला. आजवर जन्मलेली माणसं सुमारे ११७ अब्ज. तू सगळ्या माणसांतला, झालेल्या आणि होणाऱ्या, एक सहज उचललेला नमुना आहेस असं धर. तर तू पहिल्या ५ टक्क्यांत नसण्याची शक्यता ९५ टक्के. म्हणजे एकूण माणसं जास्तीत जास्त ११७ गुणिले २० = २३४० अब्ज. झालेली वजा केली की उरली २२२३ अब्ज. वर्षाला जन्म सुमारे १३ कोटी. भागाकार १७,१०० वर्षं.

आता हीच पद्धत माणसं न मोजता वर्षं मोजून वापर. रिचर्ड गॉट या खगोलभौतिकशास्त्रज्ञाने १९९३ साली तसंच केलं. त्यांच्यासारखा माणूस २ लाख वर्षं जुना धरला तर ९५ टक्के खात्रीने उरलेला काळ त्याच्या एकोणचाळिसाव्या हिश्शापासून एकोणचाळीस पटीपर्यंत, म्हणजे साधारण ५,१०० वर्षं ते ७८ लाख वर्षं. पद्धत तीच, फूटपट्टी बदलली आणि १७ हजारांची मर्यादा ७८ लाखांवर गेली. इथेच संशय यायला हवा.

श्रद्धा, ए-७: सर, तो हाऊजीचा प्रयोग सांगा ना, मुलांना पटकन कळेल.

प्रभुदेसाई सर, ए-२: हाऊजीचे दोन संच लागतात, एक लाल एक पांढरा. लाल पिशवीत १ ते ९, पांढऱ्या पिशवीत १ ते ९०. दोन्ही पिशव्या बाहेरून सारख्या दिसल्या पाहिजेत, आणि काढणाऱ्याने टोकनाचा रंग बघायचा नाही, दुसऱ्याने नुसता आकडा वाचायचा. नाणं उडवून एक पिशवी निवडा, एक टोकन काढा. निघाला ४. कुठली पिशवी? लहान पिशवीत ४ निघण्याची शक्यता नवात एक, मोठीत नव्वदात एक. म्हणजे लहानीच्या बाजूने दहास एक, ९१ टक्के. हाच प्रलयाचा युक्तिवाद: तुझा जन्मक्रमांक लहान, म्हणून मानवजातीची पिशवीही लहान.

आता दुसरी रीत. दोन्ही पिशव्या एकाच भांड्यात ओता, ९९ टोकनं. हलवा, एक काढा. निघाला ४. लाल की पांढरा? लाल ४ एकच, पांढरा ४ एकच. निम्मे-निम्मे. प्रलय गायब!

मुलांकडून शंभरेक वेळा करून घ्या. टोकन दर वेळी परत टाकायचं आणि १ ते ९ मधला आकडा आला तरच नोंद करायची, बाकीचे सोडून द्यायचे. हे सोडायला विसरलात की टक्केवारी भलतीच येते.

सुलभाताई, सी-३: म्हणजे आधी पिशवी ठरली आणि मग आपण आत आलो, की सगळ्या शक्य माणसांतून आपण उचलले गेलो, यावर सगळं ठरतं.

प्रभुदेसाई सर, ए-२: अगदी. दुसऱ्या रीतीत मोठ्या पिशवीला टोकनं जास्त म्हणून आधीच दहापट वजन मिळतं, आणि ते प्रलयाची दहापट बरोब्बर खाऊन टाकतं. पण ती रीत धरली की वेगळं झेंगट. विश्वात जितके जास्त जीव, तितकं ते विश्व खरं असण्याची शक्यता जास्त! मग खगोलशास्त्रज्ञांनी दुर्बीण लावायची गरजच नाही, दोन सिद्धांतांपैकी जास्त जीववाला घरबसल्या जिंकला. हा आक्षेप बोस्ट्रॉमचाच. एक रीत प्रलय आणते, दुसरी फुकटचं ज्ञान देते. माझ्या मते दोन्ही चुकीच्या जागी आत्मविश्वास देतात, कारण आपल्याला उचलणारा हात कुठे गेला होता ते कोणी पाहिलेलं नाही. श्रद्धाच्या सिम्युलेशनमध्येही हेच: ‘मी एवढ्या सगळ्यांतला कोणीही असू शकतो’ असं म्हटल्याशिवाय ९९.९ टक्के येत नाही.

रोहन, बी-१२: मग माणसाच्या भविष्याबद्दल गणित काहीच सांगत नाही?

सुलभाताई, सी-३: सांगतं की, जिथे नोंद आहे तिथे. एक ढोबळ नियम: ‘न’ इतक्या वेळा संधी होती आणि गोष्ट एकदाही घडली नाही, तर ९५ टक्के खात्रीने दर वेळची शक्यता ३ भागिले ‘न’ पेक्षा कमी. माणूस सुमारे ३ लाख वर्षं, म्हणजे ३००० शतकं, टिकलाय. तर लघुग्रह, ज्वालामुखी अशा नैसर्गिक कारणांनी नामशेष होण्याची शक्यता शतकाला हजारात एकापेक्षा कमी.

श्रद्धा, ए-७: ताई, पण आपण मेलो असतो तर मोजायला कोण उरलं असतं? हयात असलेलेच मोजतात, म्हणजे नमुना पुन्हा वाकडा.

सुलभाताई, सी-३: म्हणून दुसऱ्यांवर ताडून बघायचं. सस्तन प्राण्यांची एक जात सरासरी १० लाख वर्षांच्या आसपास टिकते, आणि होमो इरेक्टस १५ लाखांहून जास्त टिकला. तिथे मोजणारे आपण, मरणारे ते, त्यामुळे तो वाकडेपणा येत नाही. १० लाख वर्षं म्हणजे शतकाला दहा हजारात एक. हजारात एकच्या मर्यादेत ते आरामात बसतं.

रोहन, बी-१२: आणि अणुबॉम्ब? एआय?

सुलभाताई, सी-३: तिथे हा नियम लंगडा पडतो. अणुबॉम्ब १९४५ पासून, म्हणजे सुमारे ८० वर्षं. ३ भागिले ८० म्हणजे त्याने नामशेष होण्याची शक्यता वर्षाला पावणेचार टक्क्यांहून कमी, एवढंच म्हणता येतं. वर्षाला पावणेचार टक्के हा धोका प्रत्यक्षात असता तर शंभर वर्षांत वाचण्याची शक्यता जेमतेम २ टक्के. ८० वर्षांत माणूस नामशेष झाला नाही, या अनुभवात तोही बसतो आणि वर्षाला लाखात एकही बसतो. एआयची नोंद तर त्याहून तोकडी. तिथे क्षेपणास्त्रं किती, हुकूम कोण देतो, खोटा इशारा आला तर थांबवायला किती मिनिटं मिळतात, हेच एकेक तपासावं लागतं.

सेक्रेटरी: हाऊजीचा एकच संच आहे ऑफिसात, तोही अपुरा. १७ आणि ६३ नाहीत.

प्रभुदेसाई सर, ए-२: चालेल. कागदाच्या चिठ्ठ्या करा, सगळ्या सारख्याच घडीच्या. लहान आकड्यांच्या चिठ्ठ्या वेगळ्या जाडीच्या झाल्या तर बोटांना कळतात.