रॉकने घडवलेला कान: पुढे आयुष्यभर आपण त्यात काय शोधत राहतो?

मंद्रसप्तक (मूळ प्रश्न)

वयाच्या पंधराव्या वर्षी मी पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३) हा अल्बम प्रथम ऐकला आणि त्यानंतरची दोन-तीन वर्षे लेड झेपेलिन, डीप पर्पल व ब्लॅक सॅबथ यांच्याखेरीज दुसरे फारसे काही कानावर पडू दिले नाही. आज तीस वर्षांनंतर माझ्या ऐकण्यात रॉकचा वाटा अगदी थोडा उरला आहे. बहुतेक वेळ जॅझ, बाख आणि ख्यालगायन यांतच जातो.

असे असूनही अलीकडे एक गोष्ट ध्यानात आली. बाखच्या रचनेत मी वरची धून सोडून खालचा आवाज ऐकत बसतो, जॅझच्या त्रिकुटात पियानोऐवजी डबल बासच्या मागे जातो आणि गायक खर्जात उतरला की सावरून बसतो. या सवयीचे मूळ शोधत मागे गेलो, तेव्हा पिंक फ्लॉइडच्या त्याच अल्बममधील ‘मनी’ या गाण्यापाशी येऊन थांबलो. नाण्यांचा खणखणाट आणि गल्ल्याचे आवाज यांच्या फितीचे तुकडे जोडून केलेली ती सुरुवात, आणि तिच्या पाठोपाठ सात मात्रांत फिरणारी, बँडचा बासवादक रॉजर वॉटर्स याची बासची ओळ. गिटारचे एकल वादन सुरू होताच गाणे चार मात्रांत येते. त्या वयात मला मात्रा मोजता येत नव्हत्या, पण त्या ठिकाणी पायाखालची वाट एकदम सपाट होते एवढे मात्र दर वेळी जाणवत असे. (याला सात मात्रांचा रूपक ताल म्हणण्याचा मोह होतो, पण रूपकाची सम, म्हणजे पहिली मात्रा, ‘खाली’वर, म्हणजे टाळीविना, असते आणि इथे पहिला आघात चांगलाच भरीव आहे, तेव्हा ती तुलना मी मनातच ठेवतो.)

माझा प्रश्न असा आहे की, रॉकने ही आवड घडवली, की मुळात असलेल्या कलाला त्याने फक्त पहिले निमित्त दिले? ज्यांची सुरुवात रॉकपासून झाली, त्यांच्या कानावर कोणता संस्कार टिकून राहिला, हे वाचायला आवडेल. आवडत्या बँडची यादी कृपया देऊ नये.

घुमारा

माझ्या बाबतीत तरी कल आधीपासून नव्हता, हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण त्यापूर्वी मला केवळ चाली आवडत असत आणि वाद्यमेळ म्हणजे त्या चालीमागचा पडदा, असे मी समजत होतो. लेड झेपेलिनच्या १९७१ च्या चौथ्या अल्बममधील शेवटच्या गाण्याने, ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ने, ती समजूत मोडली. इंग्लंडमधील हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या वास्तूत, जिन्याच्या उंच दालनात जॉन बॉनमचे ड्रम मांडले होते आणि ध्वनिमुद्रक अँडी जॉन्स याने वरच्या मजल्यावरून दोन मायक्रोफोन सोडले होते. प्रत्येक ड्रमजवळ वेगळा मायक्रोफोन ठेवण्याऐवजी असे केल्यामुळे कातड्यावरचा आघात आणि भिंतींवरून परतलेला आवाज एकजीव होऊन येतात. ही माहिती मला पुष्कळ वर्षांनी मिळाली. मात्र आपण ठेक्याबरोबर एक मोठी, रिकामी जागाही ऐकत आहोत, ही जाणीव पहिल्याच दिवशी झाली होती.

तेव्हापासून कोणतेही ध्वनिमुद्रण लावले की आधी ती जागा शोधतो. चर्चमधील ऑर्गन मला आवडू लागला तो त्यामुळेच. बंद खोलीत कोरडेपणाने मुद्रित केलेले उत्तम गायनही मला अपुरे वाटते, आणि हा माझ्या आवडीतला दोष आहे, हे मी मान्य करतो.

याच गाण्याने मला आणखी एका दिशेला नेले. ते मुळात कॅन्सस जो मॅकॉय आणि मेम्फिस मिनी या अमेरिकन ब्लूज कलावंतांचे, १९२९ सालचे. १९२७ मध्ये मिसिसिपी नदीला आलेला महापूर हा त्याचा विषय. झेपेलिनचे गाणे कानात भरलेले असताना मी मूळ गाणे ऐकले आणि पुरता निराश झालो: दोन गिटार, एक आवाज, खरखर, आणि पुराचे भय त्यात कुठेच नाही असे वाटले. तो जवळजवळ आनंदी वाटणारा ठेका ऐकूनही त्या शब्दांचा अर्थ अंगावर यायला मला दहा-बारा वर्षे लागली. आज दोहोंपैकी एकच ठेवायचे झाले, तर मी जुने ठेवीन.

शंकेखोर

दोन्ही लेखन वाचनीय आहे, परंतु श्रेय चुकीच्या खात्यात जमा होत आहे असे वाटते. साधारण दहा ते तीस या वयातील आठवणी माणसाला पुढे आयुष्यभर इतर काळापेक्षा अधिक आणि अधिक ठळक आठवतात, हे स्मृतीच्या अभ्यासकांनी वारंवार नोंदवलेले आहे आणि संगीताच्या बाबतीतही तसेच दिसते. पंधराव्या वर्षी आपण भावगीते ऐकली असती, तर आज त्यांच्याविषयी याच तन्मयतेने लिहिले असते.

अनागत

शंकेखोर यांचा मुद्दा मला अर्धाच पटतो. जुनी गाणी प्रिय का राहतात, हे त्यातून समजते. त्या गाण्यांनी माणसाला अगदी वेगळ्या संगीताकडे का नेले, हे मात्र समजत नाही. माझाच प्रवास सांगतो.

द हू या लंडनच्या बँडचे ‘बाबा ओ’रायली’ हे १९७१ चे गाणे. नावातील ‘बाबा’ म्हणजे मेहेरबाबा, ज्यांना गिटारवादक पीट टाउनशेंड गुरू मानत असे, आणि ‘रायली’ म्हणजे कॅलिफोर्नियाचा संगीतकार टेरी रायली. आरंभी जो झरझर फिरणारा स्वरसमूह आहे, त्याला पुष्कळ लोक सिंथेसायझर समजतात, परंतु तो लॉरी कंपनीच्या घरगुती ऑर्गनचा आवाज आहे, ज्यात एक कळ दाबली की स्वर आपोआप पुनःपुन्हा वाजत राहतो. सोळाव्या वर्षी मी तो भाग कसाबसा सहन करून ड्रम आणि गिटार कधी येतात याची वाट पाहत असे. पंचविशीत उलटे झाले. ड्रम येऊच नयेत, ते फिरणे तसेच चालू राहावे, असे वाटू लागले.

म्हणून रायलीकडे वळलो. त्याची ‘इन सी’ (१९६४) ही रचना त्रेपन्न छोट्या स्वरवाक्यांची आहे. प्रत्येक वादकाने एकेक वाक्य आपल्याला हवे तितक्या वेळा वाजवावे आणि पुढे सरकावे, एवढाच नियम, आणि त्याखाली एकच स्वर सतत ठोकला जात असतो. मग कळले की, हाच रायली १९७० साली गायक पंडित प्राणनाथ यांचा शिष्य झाला होता, आणि प्राणनाथ किराणा घराण्याचे! ज्या घराण्याचे नाव माझ्या घरात मोठी माणसे आदराने घेत आणि ज्याची संथ आलापी सुरू झाली की मी उठून जात असे, तिथे परत यायला मला इंग्रजी बँड आणि अमेरिकन संगीतकार अशी दोन वळणे घ्यावी लागली. सांगताना थोडा संकोच वाटतो. पण आलापीत एका स्वरावर थांबणे कंटाळवाणे नसते आणि त्या थांबण्यातच हालचाल असते, हे ऐकण्याची तयारी माझ्याकडून त्या ऑर्गनने आधीच करून घेतली होती. पंधराव्या वर्षी भावगीते ऐकली असती, तर ती आज नक्कीच आवडली असती, पण त्यांनी मला इथे आणले असते असे वाटत नाही.

तीन अर्धस्वर खाली

संस्कार नावडीचाही असतो, एवढेच जोडतो. ब्लॅक सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी डावखुरा, त्यामुळे त्याचा उजवा हात तारा दाबणारा. १९६५ मध्ये कारखान्यातील अपघातात त्याच हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे केली, हलक्या तारा वापरल्या आणि १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’मध्ये काही गाण्यांसाठी गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवून लावली. तो जडशीळ, सावकाश आवाज कानात बसल्यापासून कोणत्याही संगीतातील निव्वळ वेगाचे प्रदर्शन मला ऐकवत नाही. यामुळे किती चांगले संगीत मी ऐकायचे टाळले असेल, याचा हिशेब मांडलेला नाही.

मंद्रसप्तक

सर्वांचे आभार. काल रात्री ‘मनी’ पुन्हा लावले. बासच ऐकायचा, असे ठरवून बसलो होतो, पण घुमारा यांचे लेखन डोक्यात असल्यामुळे गिटारच्या एकल वादनाच्या मध्यावर थबकलो. तिथे भोवतालचा सगळा घुमार काढून घेतलेला आहे, वाद्ये विरळ झाली आहेत आणि गिटार अगदी कानाशी, कोरडी वाजते. मग पुन्हा सगळे भरून येते. तीस वर्षांत हे मला एकदाही जाणवले नव्हते, त्यामुळे शंकेखोर यांना एवढेच म्हणेन की, आठवणीपुरते पाहिले तर तो भाग माझ्यासाठी कालच जन्मला.

अनागत, प्राणनाथांचे कोणते मुद्रण आधी ऐकावे?

अनागत

यमन कल्याणचे. त्यात तानपुरा नेहमीपेक्षा बराच पुढे ठेवलेला आहे, तेव्हा आपण गाणे सोडून खर्जाची तार ऐकत बसाल, अशी मला दाट शंका आहे.