सगळी वाहतूक प्रॉक्सीमागे घ्यावी, की सर्व्हर थेट उघडा ठेवावा?

वाटसरू (धागाकर्ता)

वर्डप्रेसवर चालणारे, निम्मे सर्वांसाठी खुले लेख आणि निम्मे सभासदांच्या खात्यांचे, असे संकेतस्थळ होस्टिंगवर चढवताना नेटवर्कचे तीन पर्याय समोर येतात: वाचकाची विनंती थेट सर्व्हरवर येऊ देणे, केवळ चित्रे आणि स्टाइलशीट यांसारख्या स्थिर फाइली वेगळ्या सबडोमेनवरून (मुख्य नावाखालच्या उपनावावरून) सीडीएनमार्फत, म्हणजे वाचकांजवळ प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरांच्या जाळ्यातून देणे, किंवा सगळी वाहतूक प्रॉक्सीमागे, म्हणजे वाचक आणि सर्व्हर यांच्यामध्ये बसणाऱ्या मध्यस्थ सेवेमागे घेणे. हल्ली तिसरा पर्याय डोळे झाकून निवडला जातो. माझे मत दुसऱ्याच्या बाजूने आहे.

वेगाचा हिशेब आधी अंतराचा असतो. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे १०,००० किलोमीटरवरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्यास, वाटेतले वळसे सोडले तरी, १०० मिलिसेकंद लागणारच. टीसीपी जोडणी उघडायला एक फेरी, एन्क्रिप्शन ठरवणाऱ्या टीएलएस १.३ च्या हँडशेकला एक आणि प्रत्यक्ष विनंतीला एक, असे ३०० मिलिसेकंद पहिला बाइट हाती येईपर्यंत जातात. वाचक सर्व्हरपासून ५०० किलोमीटरच्या आत असतील, तर मात्र हीच फेरी पाच मिलिसेकंदांवर येते; मग मध्यस्थ वाचवणार तरी काय? शिवाय क्लाउडफ्लेअरसारखी प्रॉक्सी सेवा मुळात फाइलीच्या प्रकारावरून कॅश करते (प्रत साठवून ठेवते) आणि वेगळा नियम लिहिल्याखेरीज एचटीएमएल पाने साठवत नाही. ज्या पानासाठी वर्डप्रेसचा पीएचपी प्रोग्राम आणि डेटाबेस मिळून पाऊण सेकंद घेतात, ते पान प्रॉक्सी असूनही पाऊण सेकंदच घेणार. आणि विनंती तपासायची तर प्रॉक्सीला एन्क्रिप्शन सोडवावेच लागते, म्हणजे सभासदांचे पासवर्ड तिसऱ्याच्या यंत्रावर उघडे होतात. एवढी किंमत कशासाठी मोजायची?

चक्रधर

असहमत. आपला हिशेब अर्ध्यावर थांबला आहे. पान कॅशमध्ये नसले तरी प्रॉक्सीचा वेगाला उपयोग होतो, कारण टीसीपी आणि टीएलएसच्या फेऱ्या प्रॉक्सीच्या वाचकाजवळच्या केंद्राशी होतात आणि त्या केंद्राची मूळ सर्व्हरशी असलेली जोडणी बहुधा आधीपासून उघडी असते. केंद्र दहा मिलिसेकंदांच्या फेरीवर असेल, तर आपल्याच उदाहरणातले ३०० मिलिसेकंद १३० च्या आसपास येतात, आणि तेही काहीही साठवून न ठेवता.

आपला दुसरा पर्याय तर मला कालबाह्य वाटतो. स्थिर फाइली वेगळ्या सबडोमेनवर ठेवण्याची पद्धत एचटीटीपी १.१ च्या काळात सोयीची होती, कारण ब्राउझर एका नावाशी मोजक्याच जोडण्या उघडत असे. एचटीटीपी २ मध्ये एकाच जोडणीवरून अनेक फाइली एकदम येतात. तिथे नवे नाव म्हणजे नवी डीएनएस चौकशी (नावावरून पत्ता शोधणे), नवी टीसीपी जोडणी आणि नवा हँडशेक. पान रंगण्यासाठी लागणारी स्टाइलशीटच त्या दुसऱ्या नावावर असेल, तर वाचक तेवढा वेळ कोऱ्या पडद्याकडे पाहत बसतो.

सुरक्षिततेबद्दल बोलायचे तर २८ फेब्रुवारी २०१८ रोजी गिटहब या कोड साठवण्याच्या सेवेवर वाहतुकीचा पूर लोटणारा, सेकंदाला १.३५ टेराबिटपर्यंत पोहोचलेला हल्ला झाला, तेव्हा गिटहबसारख्या कंपनीलाही वाहतूक अकामाई या सीडीएन कंपनीकडे वळवावी लागली. लहान स्थळासाठी त्याचा हजारावा भागही पुरेसा आहे. अशा वेळी होस्ट पहिले काम करतो ते इतर ग्राहकांना वाचवण्याचे: आपला आयपी पत्ता तो सरळ ब्लॅकहोलमध्ये टाकतो, म्हणजे त्यावर येणारी सगळी वाहतूक फेकून देतो. हल्ला आपोआप यशस्वी.

निळी_शाई

चक्रधर यांचे वेगाविषयीचे म्हणणे मान्य आहे, सुरक्षिततेविषयीचे नाही. प्रॉक्सीचे बटण दाबले की आपला पत्ता झाकला गेला, हा समज धोक्याचा आहे. डीएनएसच्या जुन्या नोंदी साठवणाऱ्या सेवा आहेत. मेल त्याच सर्व्हरवर असेल तर एमएक्स नोंद (मेल कोणत्या सर्व्हरवर पोहोचवायची ते सांगणारी डीएनएस नोंद) आणि पाठवलेल्या प्रत्येक पत्राचे हेडर पत्ता सांगते. टीएलएस प्रमाणपत्रांच्या सार्वजनिक नोंदवह्यांत आपली सबडोमेन दिसतात आणि त्यांपैकी एखादे प्रॉक्सीबाहेर राहिले की झाले. म्हणून आधी पत्ता बदलायचा, मग ८० आणि ४४३ ही वेबची पोर्ट फायरवॉलमध्ये फक्त प्रॉक्सीच्या जाहीर आयपी-श्रेणींना उघडी ठेवायची. एवढे केले नाही तर पुढच्या दाराला कुलूप आणि मागचे सताड उघडे.

त्यातून आणखी एक गोष्ट नेहमी राहून जाते. प्रॉक्सीमागे गेल्यावर सर्व्हरच्या लॉगमध्ये प्रत्येक विनंती प्रॉक्सीच्याच पत्त्यावरून आलेली दिसते. खरा पत्ता हेडरमधून वाचण्याची सोय एनजिनएक्स या वेब सर्व्हर प्रोग्राममध्ये करून घेतली नसेल, तर पासवर्ड ओळखण्याचे प्रयत्न मोजणारे फेल२बॅन एका खोडकर यंत्रापायी प्रॉक्सीचे केंद्रच बंद करते, आणि त्या केंद्रातून येणाऱ्या सगळ्या निरपराध वाचकांना ५२२ क्रमांकाची (सर्व्हरशी जोडणी न झाल्याची) चूक दिसू लागते. मालकाला मात्र आपले स्थळ व्यवस्थित उघडत असते, कारण तो वेगळ्या केंद्रातून येतो!

जुनाजाणता

वाटसरू यांच्या बाजूने लिहितो, पण कारण वेगळे आहे. मध्यस्थ पडला की त्याच्यामागचे सगळेच पडतात. २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअरच्या फायरवॉलमधील एका रेग्युलर एक्स्प्रेशनने (मजकुरातला नमुना शोधणाऱ्या सूत्राने) सर्व प्रोसेसर व्यापून टाकले. ८ जून २०२१ रोजी एका ग्राहकाने केलेल्या वैध बदलाने फास्टली या सीडीएन सेवेमधला सुप्त दोष जागा झाला. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी क्लाउडफ्लेअरची बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) ओळखण्यासाठीची फाइल अपेक्षेपेक्षा मोठी झाली आणि जगभरची स्थळे बंद पडली. त्या दिवशी अनेकांना नियंत्रण-पॅनेलमध्येही शिरता येईना, कारण तिथला पडताळणीचा टप्पा त्याच यंत्रणेवर अवलंबून होता. म्हणजे प्रॉक्सी बंद करून थेट सर्व्हरवर जाण्याचे बटण नेमके हवे तेव्हा हाताबाहेर. नेमसर्व्हर (डीएनएसची उत्तरे देणारे सर्व्हर) बदलावेत म्हटले, तर डॉट कॉमच्या नेमसर्व्हर-नोंदी ४८ तासांपर्यंत कॅशमध्ये राहू शकतात. डीएनएस आणि प्रॉक्सी एकाच कंपनीकडे ठेवू नये, असे मी म्हणतो ते यासाठी. पण काही सेवांच्या मोफत योजनेत नेमकी तीच अट असते.

चक्रधर

ही उदाहरणे गाजली, कारण ती विरळ आहेत. २०१९ चा तो प्रकार सुमारे २७ मिनिटे चालला. एकट्या माणसाने सांभाळलेला सर्व्हर डिस्क भरल्यामुळे रात्री बंद पडला, तर तो सकाळपर्यंत तसाच राहतो आणि त्याची कुठे बातमी होत नाही.

निळी_शाई

बंद पडणे एक वेळ परवडते, चुकीचे चालू राहणे परवडत नाही. प्रॉक्सीच्या एन्क्रिप्शनमधील ‘फ्लेक्सिबल’ पर्याय निवडला, तर वाचकाच्या ब्राउझरमध्ये जोडणी सुरक्षित दिसते, पण प्रॉक्सीपासून सर्व्हरपर्यंतचा प्रवास साध्या एचटीटीपीवरून होतो. ‘फुल’मध्ये एन्क्रिप्शन असते, परंतु सर्व्हरचे प्रमाणपत्र खरे आहे की नाही हे तपासले जात नाही. ‘फुल स्ट्रिक्ट’खेरीज दुसरे काही स्वीकारू नये. फ्लेक्सिबलवर असताना सर्व्हरनेही एचटीटीपीएसकडे वळवायला सुरुवात केली, की पान गोल फिरत राहते आणि मग बरेच जण सर्व्हरवरचा नियम काढून टाकतात. दोष जिथल्या तिथे राहतो.

वाटसरू

सबडोमेनपेक्षा त्याच नावावरून स्थिर फाइली देणे बरे, हे पटते. सभासदांच्या पानांबाबत मात्र माझा आग्रह कायम आहे. २५ डिसेंबर २०१५ रोजी वाल्व कंपनीच्या स्टीम या व्हिडिओ गेमच्या ऑनलाइन दुकानात कॅशच्या चुकीच्या नियमामुळे लोकांना दुसऱ्यांची खाती दिसू लागली. सुमारे ३४,००० जणांची माहिती त्यात उघडी पडली असावी, असे वाल्वने नंतर सांगितले. विशेष म्हणजे तो नियम हल्ल्याचा भार सोसण्यासाठीच घाईने लावलेला होता. सभासदांचा भाग वेगळ्या नावावर, थेट सर्व्हरवर ठेवला, तर हा प्रश्न उद्भवतच नाही.

चक्रधर

पण मग निळी_शाई यांनी सांगितलेले मागचे दार आपण स्वतःच उघडता. थेट ठेवायचेच असेल तर सभासदांचा भाग निराळ्या यंत्रावर, निराळ्या पत्त्यावर असावा. अन्यथा प्रॉक्सीमागेच राहून लॉगिनची कुकी दिसताच कॅश वगळण्याचा नियम लावावा आणि सर्व्हरनेही त्या पानांसाठी कॅशचे हेडर ‘प्रायव्हेट, नो-स्टोअर’ असे पाठवावे. एका जागी चूक झाली तरी दुसरी जागा सांभाळते.

जुनाजाणता

दोघांनाही एक विचारतो: मोजमाप कोणी केले आहे का? कर्ल या आज्ञेने टीसीपी जोडणी, टीएलएस आणि पहिला बाइट यांच्या वेळा वेगवेगळ्या मिळतात. वाचक जिथे आहेत तिथून, गर्दीच्या वेळी आणि लॉगिन करून त्या घ्याव्यात. टीएलएस पूर्ण होण्यापासून पहिल्या बाइटपर्यंतचा काळ एका फेरीपेक्षा कितीतरी अधिक निघाला, तर दोष डेटाबेसकडे आहे आणि वेगापुरता तरी आपला वाद त्यापुढे गौण आहे. सुरक्षिततेबाबत मी चक्रधर यांच्याशी अजूनही सहमत नाही.