सरकारी खरेदीतील विश्लेषकाचे काम : कारखान्यातून येणाऱ्याने काय शिकावे?

बुटीबोरी_खरेदी

नमस्कार. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असून गेली सहा वर्षे बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या खरेदी विभागात काम करतो. पुढील महिन्यात नागपुरातील एका शासकीय प्रकल्पाच्या व्यवस्थापन कक्षात ‘खरेदी विश्लेषक’ या कंत्राटी पदासाठी माझी मुलाखत आहे. आमच्याकडे कामाची रीत सोपी आहे. तीन-चार पुरवठादारांना फोन करायचा, दर मागवायचे, घासाघीस करायची आणि साहेबांची सही घेऊन ऑर्डर काढायची. घासाघीस करण्यात माझा हात बऱ्यापैकी बसलेला आहे आणि मुलाखतीत तेच माझे मुख्य कौशल्य म्हणून सांगण्याचा विचार आहे. तो योग्य आहे का? विश्लेषक नेमके काय करतो, कोणते नियम वाचावेत आणि एखादे प्रमाणपत्र उपयोगी पडते का, हेही जाणकारांनी सांगावे.

जुना_भांडारपाल

घासाघीस हे मुख्य कौशल्य म्हणून कृपया सांगू नका. मुलाखत घेणाऱ्यांपैकी एखाद्याने जरी दक्षता विभागाची चौकशी जवळून पाहिली असेल, तर त्या एका वाक्यावर तो थबकेल. केंद्रीय दक्षता आयोगाच्या 2007 च्या परिपत्रकानुसार निविदा उघडल्यानंतर वाटाघाटी करावयाच्या झाल्यास त्या केवळ न्यूनतम देकार (सर्वांत कमी दराचा प्रस्ताव) देणाऱ्याशी आणि त्याही अपवादात्मक परिस्थितीत, कारणे नोंदवूनच करता येतात. दर खाली आणण्याचे जे काम तुम्ही फोनवर करता, ते सरकारी खरेदीत निविदा निघण्यापूर्वी, कागदावर करावे लागते. मागणी एकत्रित करणे, विनिर्देश (वस्तूचे तांत्रिक वर्णन) पुरेसे मोकळे ठेवणे, वेळ नीट निवडणे आणि अंदाजित किंमत प्रामाणिकपणे काढणे ही ती साधने होत. जेम या सरकारी ई-बाजारपेठेवर रिव्हर्स ऑक्शनची (दर खाली आणत जाणाऱ्या उलट लिलावाची) सोय आहे खरी, परंतु तेथे विक्रेते एकमेकांशी झुंजतात आणि तुम्ही बाजूला उभे राहून पाहता.

आपल्या गावचेच उदाहरण घेऊ. नागपुरातील कोणत्याही कार्यालयात कूलरची मागणी मार्चमध्ये, पंखे पुरेनासे झाले की सुचते. निविदा एप्रिलमध्ये निघते, तेव्हा सारा विदर्भ कूलर घेत असतो, आणि पुरवठा होईपर्यंत निम्मा मे सरलेला असतो. मागील चार-पाच वर्षांच्या साठा नोंदवहीतून किती कूलर निकामी झाले आणि किती दुरुस्त होऊन पुन्हा लागले, याचा तक्ता मांडून ‘मागणी डिसेंबरमध्येच नोंदवावी’ असा प्रस्ताव विश्लेषकाने ठेवला, तर कोणाशीही एक शब्द न बोलता दर उतरतो.

आता त्याच खरेदीचा दुसरा भाग पाहा. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा 120 कूलर घ्यायचे आहेत. पहिला देकार नगाला 9,200 रुपयांचा आहे. त्यात वाळ्याच्या किंवा लाकडी तंतूंच्या जाळ्या आहेत आणि त्या दर हंगामात बदलण्यासाठी नगामागे 600 रुपये लागतात. दुसरा देकार 9,700 रुपयांचा आहे, पण त्याच्या हनीकोंब जाळ्यांना तीन हंगामांची हमी आहे. तीन हंगामांचा हिशेब केला तर पहिला कूलर 10,400 रुपयांना पडतो आणि दुसरा 9,700 रुपयांनाच राहतो. तुलनात्मक तक्त्यात मात्र पहिला देकार 60,000 रुपयांनी स्वस्त दिसतो आणि प्रत्यक्षात कार्यालय 84,000 रुपये जास्त मोजते. जाळ्यांचा खर्च मूल्यमापनात धरला जाईल हे निविदेतच लिहिलेले नसेल, तर देकार उघडल्यानंतर तुमचे गणित कितीही अचूक असले तरी ते कामाचे नाही, कारण खेळ सुरू झाल्यावर नियम बदलता येत नाहीत. म्हणून माझ्या मते विश्लेषकाच्या कामाचा तीन चतुर्थांश भाग निविदा प्रसिद्ध होण्यापूर्वीच संपलेला असतो. हे मला नोकरीच्या बाराव्या वर्षी उमगले, आणि तोवर बरेच स्वस्त कूलर घेऊन झाले होते.

लेखाशाखा_नागपूर

वरील प्रतिसादाशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु ‘तीन चतुर्थांश’ हे प्रमाण मला मान्य नाही. मी खरेदीच्या नस्ती (फायली) तपासण्याच्या बाजूला बसलो आहे. निविदेपूर्वीचे काम चोख असूनही देकार उघडल्यानंतरच्या टिपणीत ‘दर वाजवी आहेत’ एवढेच तीन शब्द लिहिलेले असतात आणि तेथेच लेखाआक्षेप उभा राहतो. वाजवी कशाच्या तुलनेत? मागील खरेदीचा दर किती होता, तो कोणत्या महिन्यातला होता, मधल्या काळात घाऊक किंमत निर्देशांक किती हलला, त्या दरात नागपूरपर्यंतची वाहतूक धरली होती का, वस्तू व सेवा कर आत होता की बाहेर, आणि प्रमाण सारखे होते का? दहा नगांचा दर आणि हजार नगांचा दर शेजारी ठेवून केलेली तुलना ही तुलनाच नव्हे. या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर टिपणीत असेल, तर तीन वर्षांनी ती वाचणारा अनोळखी लेखापरीक्षकही पुढचे पान उलटतो. खरे तर विश्लेषक लिहितो तो त्याच्यासाठीच. साहेबांना तुम्ही तोंडी समजावून सांगू शकता, त्याला नाही.

आकडेवारी वाचण्याचे कौशल्य आणखी एका कारणासाठी हवे. मंजुरीची मर्यादा टाळण्यासाठी एकाच मागणीचे तुकडे पाडून खरेदी करू नये, असा नियम केंद्रातही आहे आणि राज्यातही. तुकडे पाडलेली खरेदी एका नस्तीत कधीच दिसत नाही. वर्षभराचे सर्व पुरवठा आदेश वस्तूनिहाय आणि दिनांकनिहाय एका तक्त्यात ओढले की मर्यादेच्या जेमतेम खाली रांगेने उभे असलेले आदेश आपोआप दिसतात. मार्चमधील खर्चाचेही तसेच. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांनी वर्षअखेरीच्या खर्चाच्या घाईला आर्थिक औचित्याचा भंग म्हटले आहे, तरीही ती घाई चुकत नाही, हे आपण सारे जाणतो.

संगनमताच्या खुणाही ओळखायला शिका. तीन देकारांत एकच शुद्धलेखनाची चूक, इसारा रकमेसाठी (निविदेसोबत भरायच्या अनामतीसाठी) बँकेच्या एकाच शाखेतून लागोपाठच्या क्रमांकांचे धनाकर्ष (डिमांड ड्राफ्ट), ठरावीक टक्क्यांच्या अंतराने चढत गेलेले दर, किंवा दरवर्षी आळीपाळीने न्यूनतम येणारे तेच तिघे, असे काही आढळले तर ते वरिष्ठांच्या नजरेस लेखी आणावे. मात्र टिपणीत आरोप करू नये. काय दिसले ते लिहावे आणि निष्कर्ष सक्षम अधिकाऱ्यावर सोडावा. हा संयम कोणत्याही अभ्यासक्रमात शिकवत नाहीत.

बुटीबोरी_खरेदी

दोघांचेही मनापासून आभार. घासाघिशीचे वाक्य मी काढून टाकले आहे. नियमांच्या बाबतीत माझा गोंधळ कायम आहे. जो भेटतो तो वेगळ्याच पुस्तकाचे नाव सांगतो.

सिव्हिल_लाइन्स_कक्ष

मी सध्या अशाच एका कक्षात काम करते. आपला गोंधळ स्वाभाविक आहे, कारण नागपुरात एकाच रस्त्यावर तीन प्रकारचे खरेदीदार बसतात. नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) किंवा केंद्रीय कापूस संशोधन संस्थेसारख्या केंद्राच्या संस्थांसाठी सामान्य वित्तीय नियम 2017 आणि केंद्रीय वित्त मंत्रालयाची खरेदी पुस्तिका हा पाया आहे. वेस्टर्न कोलफिल्ड्ससारख्या सार्वजनिक उपक्रमांची स्वतःची खरेदी पुस्तिका असते. राज्य शासनाच्या कार्यालयांसाठी उद्योग विभागाच्या 1 डिसेंबर 2016 च्या शासन निर्णयाची नियमपुस्तिका लागू आहे, आणि त्यांच्या ई-निविदा महाटेंडर्स संकेतस्थळावर निघतात. त्यामुळे प्रकल्पाला निधी कोण देतो आणि खरेदी कोणाच्या नियमांनी होते, हे मुलाखतीपूर्वीच शोधून काढा. परकीय कर्जाचा प्रकल्प असेल तर कर्ज देणाऱ्या बँकेची नियमावली आणखी वेगळी. आर्थिक मर्यादा वेळोवेळी बदलतात, म्हणून आकडे पाठ करण्यापेक्षा अद्ययावत आदेश कोठे सापडतो हे माहीत असणे अधिक उपयोगी.

मुलाखतीत प्राधान्य धोरणांवर हमखास विचारतात, तेव्हा एक उदाहरण पक्के करून जा. केंद्राच्या धोरणानुसार सूक्ष्म व लघु उद्योगांकडून वार्षिक खरेदीच्या किमान 25 टक्के खरेदी अपेक्षित आहे. समजा न्यूनतम देकार 100 रुपयांचा असून तो मोठ्या कंपनीचा आहे आणि एका लघु उद्योगाने 112 रुपये भरले आहेत. तो न्यूनतम देकारापेक्षा 15 टक्क्यांपर्यंत जास्त असलेल्या दरांच्या पट्ट्यात येत असल्यामुळे त्याला 100 रुपयांवर येण्याची संधी द्यावी लागते, 112 रुपये मात्र द्यायचे नसतात. गेल्या वेळी आमच्याकडे आलेल्या पाच उमेदवारांपैकी तिघांनी याचे उत्तर ‘12 रुपये जास्त देऊन खरेदी करावी’ असे दिले होते.

प्रमाणपत्रांबद्दल थोडक्यात सांगते. फरीदाबादच्या अरुण जेटली राष्ट्रीय वित्तीय व्यवस्थापन संस्थेत सार्वजनिक खरेदीचे प्रशिक्षण होते. ते चांगले आहे, पण महिनाभरात तुम्हाला ते जमणार नाही. त्याऐवजी महाटेंडर्सवरची एखादी जुनी निविदा निवडा, तिची मूळ कागदपत्रे, शुद्धिपत्रके आणि निकाल क्रमाने वाचा, आणि प्रत्येक शुद्धिपत्रक का काढावे लागले असेल ते दोन ओळींत लिहून पाहा. मुलाखतीत ते कागद सोबत ठेवलेत तरी चालेल.

बुटीबोरी_खरेदी

ताई, आजच एक निविदा वाचली आणि तीही कूलरचीच निघाली. मूळ कागदपत्रात टाकीची क्षमता ‘ठीक 75 लिटर’ लिहिली होती आणि शुद्धिपत्रकात ती ‘किमान 70 लिटर’ केली आहे. अंतिम दिनांकही सात दिवसांनी पुढे नेला आहे. एकाच उत्पादकाच्या टाकीचे माप विनिर्देशात उतरले असावे आणि निविदापूर्व बैठकीत कोणीतरी हरकत घेतली असावी, असा माझा तर्क आहे. तो बरोबर आहे का?

जुना_भांडारपाल

तर्क बरोबर दिशेने आहे, पण लेखाशाखेने वर सांगितले तसे ‘असावे’ हे टिपणीत येता कामा नये. बाजारात उपलब्ध असलेल्या चार-पाच कूलरच्या टाक्यांची मापे गोळा करून तक्ता करा. त्यात 75 लिटरचा एकच निघाला, तर तो तक्ताच मुलाखतीला घेऊन जा.