आटे गेलेल्या स्टडवर अडकलेला नट

मोटारीच्या चाकाचा नट सोडवताना स्टडवर (नट ज्यावर फिरतो त्या आटेदार दांड्यावर) अर्ध्यावर येऊन अडकला असेल, तर पान्याला लांब पाइप लावून जोर द्यावा का, या प्रश्नाला माझे उत्तर ‘होय’ असेच आहे. मात्र चाक जमिनीवर टेकलेले आणि उरलेले नट घट्ट असावेत. आट्यांवर गंजनाशक तेल सोडून ते मुरू द्यावे, नट किंचित आवळून मग सोडवावा आणि हे आलटून पालटून करावे. त्यात स्टड तुटला तरी हळहळू नये, कारण आटे खराब झालेला स्टड तसाही बदलावाच लागतो.

खरी अडचण नटाबरोबर स्टडच फिरू लागला, की सुरू होते. हबमध्ये (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागात) दाबून बसवलेल्या स्टडच्या उभ्या खाचा झिजल्याने तो पकड सोडतो आणि मग कितीही लांब पाना निरुपयोगी ठरतो. अशा वेळी नटाच्या भिंतीत ड्रिलने भोके पाडून छिन्नीने तो फोडावा. गॅसची ज्योत काही गॅरेजवाले सर्रास वापरतात, पण तिने टायर आणि बेअरिंगचे ग्रीस दोन्ही धोक्यात येतात.

नवा स्टड घेताना आट्यांचे माप (व्यास × दोन आट्यांमधले अंतर) तपासावे: मारुती सुझुकीच्या बहुतेक मोटारींत ते १२ × १.२५ मिमी असते, ह्युंदाईत १२ × १.५.