उत्तर: कोल्हापूरच्या घराचं पुढचं अंगण – खडीखाली प्लास्टिक?

बापू:
ताईंनी आधी दिलेली झाडांची यादी माझ्याकडे आहे, ती परत टाकू नका. प्रश्न फक्त खडीचा आहे. अंगण ३०० चौरस फूट, माती काळी, हरळी आणि लव्हाळा मातलेला. माळी महिन्यातून एकदाच येणार. ठेकेदार म्हणतो, काळं प्लास्टिक अंथरतो, वर पाऊण ब्रास खडी टाकतो, मग बघायलाच नको. शनिवारी त्याला हो-नाही कळवायचंय. की इथलं, आपण राहतो तिथलं, तण रोखायचं कापड बॅगेतून नेऊ?

अण्णा:
बापू, प्लास्टिक नको म्हणून सांगा. लव्हाळ्याचा कोंब सुईसारखा टोकदार असतो, प्लास्टिक भोकसून वर येतो. काळ्या मातीत पाणी आधीच जिरत नाही. वरून प्लास्टिक आलं की जूनपासून सप्टेंबरपर्यंत खडीत पाणी तुंबणार आणि उतार चुकला तर ते जोत्याकडे येणार. कापडही लव्हाळ्यापुढे टिकत नाही, म्हणून आधी लव्हाळा काढायचा.

आत्ता मार्च आहे, वेळ चांगली आहे. फूटभर खणून हरळीच्या काड्या आणि लव्हाळ्याच्या गाठी वेचून काढायच्या. माती भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक (काळं नव्हे) चार ते सहा आठवडे ताणून ठेवायचं, कडा मातीत गाडायच्या. उन्हानं वरच्या थरातलं बी आणि हरळी मरते. खोल गाठी मरत नाहीत. प्लास्टिक काढल्यावर वळवाच्या सरींनी त्या फुटतात, तेव्हा चार-पाच पानांवर असतानाच खुरप्यानं गाठीसकट उपटायच्या. दर दोन आठवड्यांनी हेच करायचं. उशीर झाला की जुन्या गाठीला नव्या गाठी लागतात आणि सगळं पहिल्यापासून. म्हणजे माळ्याला महिन्यातून एकदा नव्हे, या पावसाळ्यापुरतं पंधरवड्यातून एकदा बोलवा. खडी दिवाळीनंतर टाका.

ताई:
अण्णा, खडीखाली कापड घातलं तरी वरून धूळ आणि पानं साचतात, त्या थरातच तण रुजतं. म्हणून खडीवर देवचाफा नको, हिवाळ्यात सगळी पानं तिथंच पडतात. आणि माझी यादी अजूनही चालते. तगर, निरगुडी, पावसाळी लिली, तिन्ही आपल्या मातीत निवांत राहतात. कोरफड मात्र जमिनीत लावू नका, पावसात सडते. जांभ्याच्या चिऱ्याचा फूटभर उंच वाफा करून त्यात निम्मा मुरूम, निम्मी माती घाला. मुलं किंवा जनावरं येत असतील तर कण्हेर गाळा, सगळं झाड विषारी आहे. घाणेरी तर नकोच, ती आवरत नाही.

आबा:
लव्हाळ्यावर ग्लायफोसेट हे तणनाशक मारायचं कोणी सुचवेल, म्हणून आधीच सांगतो: २०२२ मध्ये केंद्र सरकारनं ते फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यांकडूनच वापरायचा नियम काढला. माळ्याच्या हाती पंप देऊ नका.

झाडांच्या ठिबकचं पाणी आपोआप चालू-बंद करणारा टायमर इथून नेणार असाल तर खोक्यावर कमीत कमी दाब किती ते बघा. गच्चीवरची टाकी नळापेक्षा तीन मीटर उंच असेल तर दाब जेमतेम ०.३ बार. सोलेनॉइडचे (विजेच्या चुंबकानं झडप उघडणारे) बरेच टायमर ०.५ बारच्या खाली उघडतच नाहीत. बॉल व्हॉल्व्हवाला (मोटरनं गोळ्याची झडप फिरवणारा), शून्य दाबावर चालणारा घ्या. टायमरच्या आधी जाळीची गाळणी आणि नळीच्या टोकाला उघडता येणारं टोपण, नाहीतर शेवाळ्यानं ड्रिपर (थेंब सोडणारी तोंडं) बुजतात.

सचिव:
टायमर एकत्र मागवायचे असतील तर वेगळा धागा काढा. पाडव्याच्या जेवणाची नावं या धाग्यात हरवताहेत.

अण्णा:
ताई, म्हणूनच खडी २० मिमीची आणि तीन इंच जाड सांगतोय. बारीक खडीत धूळ अडकते, मोठी खडी दाताळ्यानं वरखाली करता येते. कापड हवंच, पण ते तणासाठी नव्हे. ते नसेल तर काळी माती खडी गिळते आणि दोन पावसाळ्यांत खालचा चिखल वर येतो. जाड नॉन-वोव्हन जिओटेक्स्टाइल (न विणलेलं, पाणी जाऊ देणारं कापड) घ्या, जोडावर सहा इंच चढवा. बापू, बॅगेतून नेऊ नका, इथं मिळणारं पातळ असतं.

गाडी वळते तेवढ्या जागेत खडी नको, चाकानं रुतते. तिथं ८० मिमी जाडीचे पेव्हर (फरसबंदीचे ठोकळे), खाली सहा इंच दाबलेला मुरूम, त्यावर दीड इंच क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू).

ठेकेदाराला शनिवारी एवढंच सांगा: उतार घरापासून रस्त्याकडे, दर १० फुटांना अडीच इंच. दोरी आणि लेव्हल नळीनं (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं) मोजून दाखव, मग कापड अंथर.