क्रिप्टो ही 'गरिबांची बँक'? मला अजिबात पटत नाही

तळटीप
परवा इथे एकाने लिहिलं, "ज्याला बँक दारात उभं करत नाही त्याची बँक म्हणजे क्रिप्टो. विकसनशील देशांचा पैशाचा प्रश्न यातूनच सुटणार." खाली भराभर 'सहमत', 'अगदी मनातलं'. तिथेच उत्तर लिहायला बसलो, ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा.

लोक हे असं बोलतात जणू अजून कुणी करून पाहिलेलं नाही. एका देशाने पाहिलंय. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरने 7 सप्टेंबर 2021 पासून बिटकॉइन, म्हणजे सगळ्यात जुनं क्रिप्टो, कायदेशीर चलन केलं. दुकानदाराने नाकारायचं नाही, असं कायद्यातच घातलं. सरकारने चिवो नावाचं वॉलेट, म्हणजे क्रिप्टो ठेवायचं मोबाइल ॲप, काढलं आणि ते घेणाऱ्या प्रत्येकाला 30 डॉलरचे बिटकॉइन फुकट दिले. अख्खं सरकार पाठीशी होतं. लोकांनी काय केलं? बहुतेकांनी ते 30 डॉलर खर्चून टाकले आणि ॲप परत उघडलं नाही. परदेशातली माणसं घरी पाठवतात तो पैसा त्या देशाच्या जीडीपीच्या पाचव्या हिश्शाहून जास्त आहे. तो स्वस्तात येईल हेच मुख्य आश्वासन होतं. त्यातला क्रिप्टो वॉलेटांतून आला तो दोन टक्क्यांच्याही आत. शेवटी आयएमएफ म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून 140 कोटी डॉलरचं कर्ज पदरात पाडून घेण्यासाठी जानेवारी 2025 मध्ये सक्ती काढून टाकावी लागली. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकानेही 2022 मध्ये हेच केलं आणि वर्षभरात गुंडाळलं.

नोव्हेंबर 2021 मध्ये 69 हजार डॉलरला गेलेला बिटकॉइन वर्षाने 16 हजारांवर होता. हातावर पोट असलेल्याने महिन्याची कमाई यात ठेवायची? त्याला असं सुचवणाऱ्यांचा मला राग येतो. स्वतःकडचे जास्तीचे पैसे कुठेही लावा, पण त्यासाठी गरिबाचं नाव पुढे करू नका.

दर्यापार
तळटीप, एल साल्वादोरचं चलन 2001 पासून डॉलरच आहे. ज्याच्या हातात आधीच डॉलर पडतो त्याला बिटकॉइन कशाला हवा? तुम्ही सगळ्यात सोयीचं उदाहरण उचललंत.

मी 2020 ते 2023 कामानिमित्त नायजेरियात लागोसला होतो. गेलो त्याच वर्षी ऑक्टोबरात पोलिसांच्या अत्याचारांविरुद्ध मोठं आंदोलन पेटलं. आंदोलकांसाठी पैसे गोळा करणाऱ्या बायकांच्या गटाला बँकेचं खातं वापरता येईना, तेव्हा त्यांनी बिटकॉइनमध्ये देणग्या घेतल्या. चार महिन्यांत मध्यवर्ती बँकेने सगळ्या बँकांना सांगितलं, क्रिप्टोशी संबंधित खाती बंद करा. म्हणून व्यवहार थांबले का? नाही. माणूस माणसाकडून घेऊ लागला.

आमच्या ऑफिसातला हिशेबनीस पगाराच्या दिवशी दुपारपर्यंत घरखर्चापुरते नायरा, म्हणजे तिथलं चलन, ठेवायचा आणि उरलेल्याचे यूएसडीटी करायचा. बिटकॉइन नाही, यूएसडीटी, म्हणजे डॉलरला बांधलेलं क्रिप्टो. मुलगा बाहेरदेशी शिकत होता. फी भरायला बँकेकडे अधिकृत दराने डॉलर मागितले की महिनोन्‌महिने रांग. 2023 च्या सुरुवातीला सरकारने जुन्या नोटा बाद करायला काढल्या, नव्या पुरेशा छापल्याच नव्हत्या, तेव्हा स्वतःचे पैसे काढायला लोक एटीएमपुढे रात्र काढत होते. जूनमध्ये अधिकृत दर मोकळा सोडला आणि 470 नायराच्या आसपासचा डॉलर महिन्याभरात 750 च्या पुढे गेला. त्या माणसाची शिल्लक वाचली. त्याला 'जुगारी' म्हणणाऱ्याने आधी त्या रांगेत उभं राहून बघावं.

जुना खातेदार
तीस वर्षं बँकेत काढली म्हणून लिहितो. ज्याला बँक उभं करत नाही त्याच्यासाठी खरं काम कुणी केलं? केनियात 2007 मध्ये एम-पेसा आलं. साधा बटणांचा फोन, मोबाइल नंबर हेच खातं आणि कोपऱ्यावरचा एजंट नोटा घेणार-देणार. ब्लॉकचेन, म्हणजे क्रिप्टोची अनेक संगणकांवरची सामाईक वही, नाही. वॉलेटच्या किल्ल्या, म्हणजे गुप्त शब्द, नाहीत. आपल्याकडे 2016 पासून यूपीआय. त्यालाही यातलं काही लागलं नाही. हिशेब साधा आणि चुकला तर विचारायला कुणीतरी, एवढंच गरिबाला हवं असतं.

दर्यापार
खातेदारसाहेब, एम-पेसात केनियाचे शिलिंगच असतात ना? चलनच बुडत असेल तर ते पाठवायची सोय कितीही सोपी करा, बुडणारी वस्तूच पाठवणार. अर्जेंटिनात 2023 मध्ये महागाई 200 टक्क्यांच्या वर होती आणि 2019 पासून सामान्य माणसाला महिन्याला 200 डॉलरच्या वर अधिकृतपणे घेता येत नव्हते. तिथे यूपीआय नेऊन काय होणार?

कोरा कागद
दोन्ही बाजू मुख्य खर्चाला हात लावत नाहीयेत. जागतिक बँकेच्या हिशेबाने 200 डॉलर घरी पाठवायला जगात सरासरी सहा टक्क्यांच्या आसपास खर्च येतो. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत तो आठाच्या घरात. 2030 पर्यंत तीन टक्क्यांच्या खाली आणायचं, असं संयुक्त राष्ट्रांचं लक्ष्य आहे. क्रिप्टोवाले सांगतात, आमच्याकडे एक-दोन डॉलरमध्ये जातात. जातात खरे. पण पाठवणाऱ्याने आधी कुठून तरी विकत घ्यायचे आणि घेणाऱ्याने विकून नोटा करायच्या. पैसा खातात ती ही दोन टोकं. गावातल्या आईला टोकन, म्हणजे क्रिप्टोचं नाणं, नको असतं, नोट हवी असते. मधला प्रवास फुकट झाला तरी दोन्ही टोकांचा दलाल तिथेच आहे, फक्त त्याची पाटी बदलली.

अबोली
मी सहसा अशा चर्चांत लिहीत नाही. 'विचारायला कुणीतरी' हे वाचलं म्हणून लिहितेय.

माझा धाकटा भाऊ परदेशात नोकरीला होता. तिथून बँकेने पाठवायला फार कापतात म्हणून तो क्रिप्टोत साठवायचा आणि लागतील तसे पाठवायचा. दोन वर्षांपूर्वी अचानक गेला. वॉलेट उघडायचे बारा गुप्त शब्द फक्त त्याला माहीत होते. वॉलेटचा पत्ता आमच्याकडे आहे, तो नेटवर टाकला की शिल्लक आजही दिसते. सगळ्या जगाला दिसते. आम्हाला काढता येत नाही. कुणाकडे अर्ज करू? त्याच्या दोन मुली आहेत.

रात्रपाळी
अबोली, फार वाईट वाटलं वाचून. पण बँकेत असते तर लगेच मिळाले असते असं समजू नका. बाबा गेले तेव्हा नामनिर्देशन नव्हतं. वारसाचा दाखला आणा, बाकीच्या भावंडांचं ना-हरकत आणा, जामीनदार आणा, सही जुळत नाही, परत आणा. चौदा महिने. दर वेळी खिडकीवर नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून. आई रांगेत खाली बसायची कारण उभं राहवत नव्हतं. तिला म्हणाले, "आजी, इथे बसू नका." बँकेचं नाव लिहीत नाही, पण तो दिवस विसरणार नाही. शिवाय आपल्याकडे 2022 पासून क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के कर आणि तोट्याची वजावटही नाही, म्हणजे

कोरा कागद
कर कृपया इथे नको. नाहीतर दोनशे प्रतिसाद त्यावरच होतील.

जुना खातेदार
रात्रपाळी, तुमच्या आईला तसं बोलणारा माझ्या हाताखाली असता तर मी त्याला तिथल्या तिथे उठवला असता. पण कागद मागतात त्याला कारण असतं. खोटी सही करून म्हाताऱ्या आईची ठेव काढून नेणारा सख्खा मुलगा मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. जामीनदार मागितला म्हणून ती ठेव वाचली. तुम्हाला छळ वाटतो तो नियम कुणाच्या तरी रडण्यातून आलेला असतो. बँकेला शिव्या देणं सोपं आहे.

रात्रपाळी
शिव्या नाही दिल्या. जे झालं ते सांगितलं. नियम समजावू नका मला. नियम होता म्हणून चौदा महिने एक बाई स्वतःच्या नवऱ्याच्या पैशासाठी भीक मागत होती. तुम्ही खिडकीच्या आतून बघितलंय, आम्ही बाहेरून.

अबोली
रात्रपाळी, रागावू नका, पण चौदा महिन्यांनी मिळाले ना? मी चौदा वर्षं खेटे घालायला तयार आहे. मला खिडकीच नाही.

रात्रपाळी
...मिळाले. हो. ते नाकारत नाही.

पण मिळाले ते देश चालू होता म्हणून. लेबनॉनमध्ये 2019 पासून बँकांनी लोकांचे डॉलर अडकवून ठेवले. 2022 मध्ये एक बाई खेळण्यातलं पिस्तूल घेऊन बैरूतच्या बँकेत शिरली आणि स्वतःच्याच खात्यातले साधारण 13 हजार डॉलर घेऊन बाहेर पडली. बहिणीच्या कॅन्सरच्या उपचारासाठी. तिच्यापुढे खिडकी होती, माणूस होता, पासबुकही असेल. अर्जेंटिनात डिसेंबर 2001 मध्ये आठवड्याला 250 पेसो एवढेच काढू दिले. खातेदारसाहेबांच्या नियमांची हमी कोण देणार, जेव्हा नियम करणाराच पैसे घेऊन बसतो?

जुना खातेदार
ते मान्य करावं लागेल. लेबनॉनच्या बँकांचा बचाव मी करणार नाही, कुठलाच बँकवाला करू शकणार नाही.

पानवारा
मला आश्चर्य वाटतं की फिलिपिन्सचं नाव अजून कुणी घेतलं नाही. 2021 मध्ये ॲक्सी इन्फिनिटी हा क्रिप्टो टोकन देणारा ऑनलाइन खेळ खेळून तिथली माणसं घर चालवत होती आणि 'खेळातून रोजगार' म्हणून सगळीकडे कौतुक होत होतं. खेळायला आधी पात्रं विकत घ्यावी लागायची. पैसे नसतील तर दुसऱ्याची घ्यायची आणि कमाईतला वाटा त्याला द्यायचा. आपल्या भाषेत याला अर्धेलीने शेत कसणं म्हणतात. वर्षभरात टोकनचा भाव मातीमोल झाला. मार्च 2022 मध्ये त्या खेळाच्या नेटवर्कमधून 60 कोटी डॉलरच्या वर चोरी झाली. केनियात 2023 मध्ये टोकनसाठी डोळ्यांची बुबुळं स्कॅन करून द्यायला रांगा लागल्या, सरकारने ऑगस्टमध्ये थांबवलं. मदतीच्या नावाखाली प्रयोग दर वेळी गरिबावरच का? युरोपातल्या निवृत्तांना कुणी म्हणालं का, पेन्शन टोकनमध्ये घ्या?

तळटीप
पानवारा, माझं हेच म्हणणं होतं आणि मला ते इतकं नीट मांडता आलं नाही.

जॉर्डनच्या निर्वासित छावण्यांत संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने 2017 पासून ब्लॉकचेनवर मदत वाटली. ते उदाहरण नेहमी फेकलं जातं. सीरियन बायका दुकानात डोळा दाखवून धान्य घ्यायच्या. बँकांचं शुल्क वाचलं, हे खरं. पण ती वही एकाच संस्थेच्या ताब्यात होती. मग साध्या डेटाबेसने काय बिघडलं असतं?

दर्यापार
तुम्ही सगळे टोकनं, खेळ, बुबुळं एका पोत्यात भरताय. मे 2022 मध्ये टेरा नावाचं क्रिप्टो कोसळलं तेव्हा मीही तुमच्यासारखाच बोललो होतो. तेही स्वतःला डॉलरला बांधलेलंच म्हणवत होतं, पण मागे डॉलर नव्हते, दुसरं टोकन होतं. मी एवढंच विचारतोय, त्या हिशेबनिसाने काय करायला हवं होतं? एक पर्याय सांगा. नायरात ठेवू?

कोरा कागद
प्रश्न रास्त आहे. पण त्याने घेतला तो डॉलर, क्रिप्टो फक्त वाहन. आणि प्रत्येकाने असंच केलं तर नायरा आणखी पडणार. ज्याच्याकडे स्मार्टफोन आणि शिल्लक आहे तो सुटतो. जो रोजच्या रोज कमावतो आणि संपवतो, त्याला बुडत्या नायरातच जगायचंय. शिवाय यूएसडीटी काढणारी कंपनी कुठल्याही पत्त्यावरचे पैसे गोठवू शकते, गोठवलेही आहेत. म्हणजे मालक आहेच, फक्त तो लागोसमध्ये सापडत नाही.

दर्यापार
हे लिहू नये असं वाटत होतं, पण लिहितो. त्याच हिशेबनिसाला 2022 मध्ये एकाने फसवलं. पैसे जमा झाल्याचा खोटा मेसेज दाखवला, याने यूएसडीटी सोडले, बँकेत काही आलंच नाही. मुलाच्या अर्ध्या सत्राची फी गेली. पोलिसांत जायची सोय नव्हती. बंदीनंतर हा व्यवहार केला म्हणून स्वतःचंच बँक खातं बंद होण्याची भीती. दोन दिवस कामावर आला नाही.

तिसऱ्या दिवशी आला आणि पगार झाल्यावर परत यूएसडीटीच घेतले. मी विचारलं तेव्हा म्हणाला, तो चोर एकदा आला, महागाई रोज येते.

तळटीप
ठीक आहे. ज्या देशात सरकारच चलन बुडवतंय आणि बाहेर पडायची दारं लावून घेतंय तिथे तुमच्या माणसाला मी नावं ठेवणार नाही. तेवढं मागे घेतो. पण 'गरिबांची बँक' हा शब्द मागे घ्या. ती पळवाट आहे, आणि जिला शिल्लक नाही तिच्या कामाची नाही.

दर्यापार
तो शब्द माझा नव्हताच. पळवाट म्हणा. आग लागली की माणूस पळवाटच शोधतो.

रात्रपाळी
अबोली, थोडं वेगळं. भावाचा जुना फोन, लॅपटॉप, वह्या, पुस्तकांची शेवटची पानं बघितलीत का? पुष्कळ जण ते बारा शब्द कागदावरच लिहितात, ओळीने, इंग्रजीत, काही अर्थ न लागणारे. यादीसारखा कागद दिसला तर टाकू नका. आणि 'आम्ही काढून देतो' म्हणून कुणी मेसेज केला तर उत्तर देऊ नका. ते सगळे चोर असतात.

अबोली
असे चार मेसेज येऊन गेले, एकाला थोडे पैसेही दिले. वह्या बघून झाल्या. पुस्तकांचं लक्षात आलं नव्हतं. त्याची दोन खोकी वहिनीकडे अजून बांधलेलीच आहेत. रविवारी जाते.